वर्षाला ५ लाख आणि ८० खोल्या

परदेशी निधी घेण्यासाठी कायद्याखाली नोंदणी हवी असेल, तर संस्था किमान ३ वर्षं जुनी लागते आणि त्या ३ वर्षांत तिनं मुख्य कामावर १५ लाख रुपये खर्चलेले लागतात. म्हणजे वर्षाला सरासरी ५ लाख.

हा आकडा मुंबईत वरळीच्या बीडीडी चाळींना लावून पाहू. मूळच्या १२१ इमारती, तळमजल्यावर तीन मजले, मजल्याला २० खोल्या, खोली १६० चौरस फुटांची. एका चाळीच्या मंडळानं ८० खोल्यांच्या वर्गणीतून ५ लाख उभे करायचे, तर खोलीमागे वर्षाला ६,२५० रुपये पडतात. महिन्याचे झाले सुमारे ५२१. शिवाय गणपतीचा मंडप ‘मुख्य काम’ म्हणून ताळेबंदात बसवायचा तो वेगळाच खटाटोप.

एकट्या कलावंताचं तसं नाही. गिरगावच्या चाळीत वाढलेले चित्रकार वासुदेव गायतोंडे १९६४ मध्ये रॉकफेलर निधीच्या शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कला गेले. नाटककार सतीश आळेकरांना १९८३ मध्ये एशियन कल्चरल काउन्सिलची शिष्यवृत्ती मिळाली. आजही शिष्यवृत्ती आणि विद्यावेतनाला परदेशी निधीच्या कायद्यात सूट आहे. पण कोकणातून चाळीत आलेल्यांच्या शक्ती-तुऱ्याच्या नाचगाण्याचं काय? शिष्यवृत्ती शाहिराला दिली, तर ढोलकी कोण वाजवणार, गोलात नाचणार कोण?

अशा फडांपर्यंत पैसा पोचायचा तो मधल्या संस्थेमार्फत. फोर्ड फाउंडेशननं १९८५ ते १९९४ या काळात पुण्याच्या थिएटर अकॅडमीच्या नाटककार आणि प्रादेशिक नाट्यसंस्था घडवण्याच्या योजनांना पाठबळ दिलं होतं. पण या कायद्यातल्या २०२० च्या दुरुस्तीनं परदेशी निधी पुढे दुसऱ्या संस्थेला द्यायला बंदी केली आणि कार्यालयीन खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० वर आणली. गैरवापर रोखायचा हा उद्देश समजतो, पण फटका बसतो तो लहानांनाच. एका देणगीदारापुरती, एका कामापुरती पूर्वपरवानगी मागता येते. मात्र त्यासाठी आधी देणगीदाराचं हमीपत्र हवं, आणि परदेशातल्या प्रतिष्ठानाला वरळीच्या मंडळाचा पत्ता देणार कोण?

देशी कंपन्यांच्या सीएसआरचा, म्हणजे सामाजिक कामांवरच्या खर्चाचा, मार्ग उरतो. पात्र कंपनीनं मागच्या ३ वर्षांच्या सरासरी नफ्याचे २ टक्के खर्चायचे असतात, आणि यादीत कला-संस्कृतीही आहे. मात्र खर्च भारतात हवा. परदेशातल्या खर्चाला अपवाद आहे तो फक्त खेळाडूंच्या प्रशिक्षणाचा. भारताच्या संघात निवड झालेल्या चाळीतल्या कबड्डीपटूचं परदेशी प्रशिक्षण या पैशातून होऊ शकतं. शेजारच्या खोलीतल्या ढोलकीवाल्याचं विमानभाडं त्यात बसत नाही.