जाळीमुद्रण : प्रकाशीय स्टेन्सिल

चौकटीवर ताणून बसविलेल्या बारीक जाळीतून रबरी पट्टीने (स्क्वीजीने) शाई दाबून कागद, कापड वा पत्रा यांवर छाप उठविण्याच्या पद्धतीस जाळीमुद्रण (स्क्रीन प्रिंटिंग) म्हणतात. जाळीचा जो भाग छापावयाचा नसतो, तो बुजविणारा पातळ थर म्हणजे स्टेन्सिल होय. पूर्वी ती कागद कापून किंवा हाताने रंगवून तयार करीत. प्रकाशसंवेदी पायस (इमल्शन) व फिल्म यांमुळे बारीक अक्षरे आणि छायाचित्रेही जाळीवर उतरविता येऊ लागली. लग्नपत्रिका, कापडी पिशव्या, पाट्या यांसाठी महाराष्ट्रातील लहान गावांतही ही पद्धत रुजली, कारण ती एका खोलीत व अल्प भांडवलावर चालते.

पोटॅशियम डायक्रोमेटाचा प्रकाशसंवेदी गुण मंगो पाँटन यांनी १८३९ मध्ये दाखविला. डायक्रोमेटयुक्त जिलेटीन प्रकाशाने अविद्राव्य होते, या गुणाचा उपयोग डब्ल्यू. एच. एफ. टॅल्बट यांनी १८५२ मध्ये केला. रेशमी जाळीच्या मुद्रणाचे एकस्व मँचेस्टरच्या सॅम्युएल सायमन यांना १९०७ मध्ये मिळाले. पुढे रेशमाची जागा नायलॉन व पॉलिएस्टर यांनी घेतली. कापडासाठी सेंमी.ला सु. ४० ते ५५ धाग्यांची, तर कागदावरील बारीक कामासाठी ९० ते १२० धाग्यांची जाळी वापरतात.

प्रत्यक्ष पद्धतीत जाळीवरील तेलकटपणा धुऊन काढतात व पिवळ्या उजेडात पॉलिव्हिनिल अल्कोहॉलाचे पायस पन्हळीसारख्या पात्राने दोन्ही बाजूंस चढवितात. छापील बाजू खाली ठेवून चौकट आडवी वाळवितात. मग मजकुराची अपारदर्शक काळी प्रत (पॉझिटिव्ह) थरास घट्ट चिकटवून काचेखाली जंबुपार प्रकाश देतात. प्रकाश लागलेला भाग कठीण होतो. काळ्या रेषांखालचा मऊ भाग पाण्याने धुऊन जातो व जाळी तेवढीच उघडी राहते. नवशिके बहुधा प्रकाश कमी देतात आणि थर सुटू लागला की जाळीला दोष देतात. प्रत्येक जाळी, पायस व दिवा यांसाठी पायऱ्यापायऱ्यांनी वेळ वाढवून चाचणी घेणे हाच खरा उपाय होय.

अप्रत्यक्ष पद्धतीत पॉलिएस्टरच्या आधारावरील जिलेटीन फिल्मला आधी प्रकाश देतात, हायड्रोजन पेरॉक्साइडाच्या सौम्य विद्रावात कठीण करतात, कोमट पाण्याने धुतात व ओली असतानाच जाळीस चिकटवितात. वाळल्यावर आधार सोलून काढतात. कडा अत्यंत रेखीव येतात, परंतु जलयुक्त शाईपुढे ही फिल्म टिकत नाही. म्हणून कापडछपाईस ती निरुपयोगी. केशाकर्षी (कॅपिलरी) फिल्म ओल्या जाळीवर चिकटवून मग प्रकाशित करतात. तिचा थर सर्वत्र सारख्या जाडीचा असतो.

पेठ (जि. नाशिक) सारख्या घाटमाथ्यावरील अतिवृष्टीच्या तालुक्यात पावसाळ्यात खरी अडचण वाळविण्याची असते. वरून कोरडा दिसणारा डायझो पायसाचा थर आत ओलसर राहतो, प्रकाशाने पुरेसा कठीण होत नाही व धुताना गळतो. डायक्रोमेटयुक्त थराचे उलट होते : दमट व उष्ण हवेत तो अंधारातही हळूहळू कठीण होतो आणि मग धुतलाच जात नाही. त्यामुळे अशा जाळ्या साठवून ठेवू नयेत. सुमारे ४० से.पर्यंतच्या कोरड्या, खेळत्या हवेची बंद पेटी आणि उन्हाऐवजी जंबुपार नळ्यांचा दिवा वापरल्यास फरक पडतो; ढगाळ दिवसात उन्हाचा वेळ मोजणे व्यर्थ असते.

डायक्रोमेट स्वस्त असले तरी त्यातील षट्संयुजी क्रोमियम कर्करोगजनक आहे. त्याने त्वचेवर खोल व्रण पडतात. डायझो व प्रकाशबहुवारिक पायसे यांनी त्याची गरज उरलेली नाही. तरीही जेथे ते वापरात आहे, तेथे रबरी हातमोजे अनिवार्य समजावेत व धुण्याचे पाणी ओढ्यानाल्यात सोडू नये. पेठ परिसरातील बरेचसे पाणी दमणगंगेच्या खोऱ्यात उतरते. असे पाणी अम्लीय करून फेरस सल्फेटाने क्रोमियमाचे त्रिसंयुजी रूपात क्षपण करतात, नंतर चुना घालून हायड्रॉक्साइडाचा साका खाली बसवितात व तो वेगळा काढून धोकादायक कचरा म्हणून हाताळतात.