मदरबोर्डचा कपॅसिटर निवडताना
(द्वितीय वर्ष, कला)

कला शाखेच्या विद्यार्थिनीने संगणकाच्या मदरबोर्डविषयी लिहावे, याचे काही वाचकांना नवल वाटेल. पण गरज माणसाला सगळे शिकवते. आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढणारी मी पहिलीच. माझ्या फीचा बराचसा भाग ताईच्या टायपिंगच्या कामातून येतो आणि ते काम एका जुन्या, सेकंडहँड संगणकावर चालते. गेल्या वर्षी ऐन कामाच्या दिवसांत तो मध्येच बंद पडू लागला. दुकानदाराने "बोर्ड गेला, नवा घ्या" असे सांगून टाकले. जुन्या संगणकाला नवा बोर्ड म्हणजे त्याबरोबर नवा प्रोसेसर आणि नवी मेमरी. तेवढे पैसे आणायचे कोठून?

आमच्या आळीत रेडिओ-टीव्ही दुरुस्त करणारे एक काका आहेत. त्यांनी पेटी उघडून प्रोसेसरजवळच्या चार नळकांड्यांकडे बोट दाखवले. चौघांची माथी फुगली होती. एकावर तपकिरी थर साचला होता. "बोर्ड नाही गेला गं, हे कंडेन्सर गेलेत," काका म्हणाले. पंखा फिरेनासा झाला की आपण जो कंडेन्सर बदलतो, त्याच कुळातला हा कपॅसिटर.

त्यावर दोन आकडे छापलेले होते : १५०० मायक्रोफॅरड आणि ६.३ व्होल्ट. काकांच्या खणात त्याच आकड्यांचे चार नग निघाले. "हे साधे आहेत, किती टिकतील सांगता येत नाही," असे ते म्हणत असतानाही मी हट्टाने तेच बसवून घेतले. संगणक सुरू झाला, घरात पेढे वाटायचेच काय ते बाकी राहिले! दोन महिन्यांनी नव्या कपॅसिटरांचीही माथी फुगली. आकडे तर तेच होते, मग चुकले कोठे?

याचे उत्तर पनवेलकरांना सहज कळेल, कारण पाण्याच्या टाकीचे महत्त्व आपल्याला कोणी सांगावे लागत नाही. संगणकातील वीजपेटी १२ व्होल्ट देते. प्रोसेसरला मात्र साधारण एक ते दीड व्होल्टच लागतो. मधले मंडल ही वीज सेकंदाला लाखो वेळा चालू-बंद करून खाली आणते, म्हणजे ती धक्क्याधक्क्याने येते. कपॅसिटर ती साठवून प्रोसेसरला संथपणे पुरवतो. मायक्रोफॅरड म्हणजे टाकीचा आकार आणि व्होल्ट म्हणजे तिच्या भिंतीला सोसणारा दाब. पण टाकीच्या तोटीचे काय? तोटी अरुंद असेल तर टाकी भरलेली असूनही ऐन वेळी पाणी मिळत नाही. कपॅसिटरमधील या अडथळ्याला 'ईएसआर' म्हणतात. तो जास्त असला की आतून जाणाऱ्या विजेने कपॅसिटर तापतो, आतील द्रव सुकतो, अडथळा आणखी वाढतो आणि शेवटी वायू साचून माथे फुगते. हा ईएसआर नळकांड्यावर सहसा छापलेला नसतो. आम्ही फसलो ते तेथेच.

यात मोठमोठ्या कंपन्याही फसल्या आहेत. सुमारे १९९९ ते २००७ या काळात सदोष द्रव भरलेले कपॅसिटर जगभरच्या मदरबोर्डांत गेले आणि अकाली फुगले. अशा बोर्डांच्या दुरुस्तीपायी डेल कंपनीला २००५ साली तीस कोटी डॉलरांचा खर्च मांडावा लागला.

दुसऱ्या खेपेस मी काकांकडून नीट यादी करून घेतली आणि पनवेलहून निघून, कुर्ला व दादरला गाड्या बदलून, ग्रँट रोडच्या लॅमिंग्टन रोडवर गेले. ती यादी वाचकांच्याही उपयोगी पडेल.

पहिले, मायक्रोफॅरड मूळचेच घ्यावेत. प्रोसेसरजवळ थोडे जास्त चालतात, कमी नकोत. दुसरे, व्होल्ट मूळचे किंवा त्याहून जास्त हवेत; ६.३ च्या जागी १० चालेल, १० च्या जागी ६.३ कदापि नाही. तिसरे, ८५ नव्हे, १०५ अंश सेल्सियसचा माल मागावा. तापमान १० अंशांनी उतरले की आयुष्य ढोबळमानाने दुप्पट होते. १०५ अंशांना २००० तास टिकणारा कपॅसिटर ६५ अंशांना सुमारे ३२,००० तास टिकेल, असा हा हिशेब.

चौथे आणि सर्वांत महत्त्वाचे, ईएसआर. पॅनासॉनिक, रुबिकॉन, निचिकॉन अशा कंपन्या प्रत्येक मालिकेचे तक्ते प्रसिद्ध करतात. मूळ कपॅसिटरवरील मालिकेचे अक्षर टिपून दोन्ही तक्ते ताडून पाहावेत. पाचवे, माप. ८ मिलिमीटर व्यासाच्या नगाचे पाय साधारण साडेतीन मिलिमीटर अंतरावर असतात, १० च्या नगाचे ५ वर; उंची पंख्याला अडता कामा नये. सहावे, दिशा. अंगावरील पट्टा ऋण बाजू दाखवतो. बोर्डावरील खुणा मात्र सर्व कंपन्यांच्या सारख्या नसतात, म्हणून जुना नग काढण्यापूर्वीच मोबाइलवर फोटो घ्यावा. उलटा बसवलेला कपॅसिटर फुटू शकतो.

नव्या बोर्डांवर बहुधा घन पॉलिमरचे कपॅसिटर असतात. त्यांत सुकणारा द्रव नसतो आणि ईएसआर फार कमी असतो. ते द्रवाच्या जागी बसवता येतात, पण तेही तक्ता पाहूनच.

दुकानात मी मालिकेचे नाव सांगितले तेव्हा विक्रेत्याने मला एकदा नीट न्याहाळले आणि मग आतल्या खोक्यातून माल काढला. चार नगांना आलेला खर्च नव्या बोर्डाच्या मानाने अगदीच किरकोळ होता. काकांनी ते बसवले, त्याला आता वर्ष होत आले.

एखादी वस्तू "गेली" असे कोणी म्हणाले, तर तिच्यातले नेमके काय गेले एवढे तरी आपण विचारावे. ताईचा संगणक आजही चालू आहे, आणि हा लेख तिने त्याच्यावरच टाइप करून दिला आहे.