पुडक्यातले जेवण : तळलेला मासा आणि बटाटा

इंग्लंडातल्या कोणत्याही गावी जा, संध्याकाळच्या सुमारास एखाद्या कोपऱ्यावरच्या दुकानातून तळणाचा वास हा यायचाच. आत फळीवर कागद पसरलेला असतो. त्यावर पिठात बुडवून तळलेला माशाचा लांबट तुकडा, शेजारी बटाट्याच्या बोटभर जाडीच्या तळलेल्या फोडी, आणि वरून मीठ व व्हिनेगर. पुडके बांधले की जेवण तयार! हेच ते ‘फिश अँड चिप्स’. चिप्स म्हटल्यावर आपल्या डोळ्यांपुढे वेफर्स येतील; पण ते हे नव्हेत.

या पुडक्याविषयी दोन टोकांची मते ऐकू येतात. कोणी म्हणतो, मासा आणि बटाटा, त्यात वाईट ते काय? दुसरा म्हणतो, छे, नुसते तेलकट खाणे! आपल्याकडची कितीतरी मुले आज शिक्षणासाठी तिकडे जातात, आणि स्वयंपाकाचा कंटाळा आला की हेच पुडके हाती येते. तेव्हा त्यात आहे तरी काय, हे जरा उलगडून पाहू या.

हे खाणे मूळचे कष्टकऱ्यांचे. तळलेला मासा इंग्लंडात आणला तो स्पेन-पोर्तुगालकडून आलेल्या ज्यू लोकांनी, असे मानतात. १८६० च्या सुमारास त्याची बटाट्याशी जोडी जमली. पहिले दुकान लंडनचे की लँकेशायरचे, हा वाद अजून मिटलेला नाही. पुढे वाफेवर चालणारी मासेमारी जहाजे आली, आगगाडीने ग्रिम्सबी-हलचा मासा गिरणगावांत ताजा पोहोचू लागला, आणि भाव उतरला. गिरणीत दिवसभर राबून आलेल्या बाईने चूल पेटवायची केव्हा, कोळसा जाळायचा किती? चार नाण्यांत घरादाराला पुरेल असे ऊन ऊन जेवण कोपऱ्यावर मिळू लागले. दुसऱ्या महायुद्धात लोणी, साखर, मांस यांवर शिधापत्रिका आली. मासा आणि बटाटा मात्र तिच्यातून मोकळे राहिले. लोकांचे पोट आणि धीर दोन्ही टिकवणारी वस्तू सरकारने जाणून होती, म्हणा ना!

आता एकेक जिन्नस पाहू. मासा बहुधा कॉड नाही तर हॅडॉक. शंभर ग्रॅम कच्च्या कॉडमध्ये सुमारे ८० उष्मांक, १८ ग्रॅम प्रथिने आणि एक ग्रॅमहूनही कमी चरबी असते. गंमत पहा, या माशाची चरबी मांसात नसते, ती यकृतात साठते. लहानपणी नाक दाबून घेतलेले कॉडलिव्हर ऑइल आठवते ना? ते त्या यकृताचे. म्हणून त्या तेलातली ‘अ’ आणि ‘ड’ जीवनसत्त्वे कॉडच्या तुकड्यात फारशी सापडायची नाहीत. बांगडा, तारली यांच्या अंगात जी हृदयाला हितकर चरबी असते, तीही यात थोडीच. पण उत्तम प्रथिने, आयोडीन आणि ‘ब-१२’ जीवनसत्त्व यांबाबतीत हा मासा उणा नाही.

बटाट्याला आपण उगाच हिणवतो. त्यात पिष्टमय पदार्थ आहेतच, पण पोटॅशियम आहे, थोडा चोथा आहे आणि ‘क’ जीवनसत्त्वही आहे. तळताना त्यातले काही नाहीसे होते, सगळे नाही. भाजीपाला महाग असलेल्या घरांत ‘क’ जीवनसत्त्वाचा मोठा वाटा बटाट्यानेच उचलला आहे.

मग बिघडते कुठे? कढईत. तापलेल्या तेलात पदार्थातले पाणी वाफ होऊन बाहेर पडते आणि त्याची जागा तेल घेते. उकडलेल्या बटाट्याचे शंभर ग्रॅममागे ७५ च्या आसपास असलेले उष्मांक चिप्समध्ये २४० च्या घरात जातात. माशाचेही तसेच : ८० चे सुमारे २४५. म्हणजे दोघेही तिप्पट! माशाभोवतीचे मैद्याचे आवरण मात्र एक उपकार करते. आतला मासा स्वतःच्याच वाफेवर शिजतो, कोरडा पडत नाही. तेल पिते ते बहुतेक आवरणच.

तेल किती प्यायले जाईल हे तळणाऱ्याच्या हातात असते. पुरी थंड तेलात सोडली तर ती तेल पिते, हे आपल्या घरातल्या कोणत्याही बाईला ठाऊक आहे. चिप्सचेही तेच. शिवाय एका बटाट्याच्या जाड फोडी केल्या तर तेलाला लागणारा पृष्ठभाग कमी. त्याच्याच काड्या केल्या तर तो कितीतरी वाढतो. म्हणून या दुकानातल्या जाड चिप्स बारीक काड्यांपेक्षा कमी तेलकट असतात.

तेल कोणते, हाही प्रश्न आहे. यॉर्कशायरकडे परंपरेने गाईबैलांची वितळवलेली चरबी वापरतात. अन्यत्र पाम, सूर्यफूल किंवा मोहरीवर्गातल्या रेपसीडचे तेल असते. गुराच्या चरबीत आणि पाम तेलात निम्म्याच्या आसपास संपृक्त चरबी असते. रेपसीडच्या तेलात ती शेकडा सातच्या घरात. हिशेब करून पहा. दोनशे ग्रॅम मासा आणि तीनशे ग्रॅम चिप्स घेतल्या, तर साधारण बाराशे उष्मांक, ४० ग्रॅम प्रथिने आणि ६० ग्रॅम चरबी पोटात जाते. तिकडच्या आरोग्यखात्याने बाईला दिवसाला दोन हजार उष्मांक आणि २० ग्रॅम संपृक्त चरबी ही मर्यादा सांगितली आहे. चरबीत तळलेल्या या एका पुडक्यात ती मर्यादा ओलांडून पुढे जाते. रेपसीडमध्ये तळले तर पाच ग्रॅमच्या आसपास राहते. पदार्थ तोच, नाव तेच, पण फरक केवढा!

तेव्हा दोष माशाचा नाही, बटाट्याचा नाही. गिरणीत दहा तास उभे राहणाऱ्याला बाराशे उष्मांक भारी नव्हते. खुर्चीवर बसून काम करणाऱ्याला ते भारी पडतात. माणसाचे काम बदलले आणि पुडके मात्र तेवढेच राहिले, किंवा मोठे झाले.

मग खाऊच नये काय? जरूर खावे, रोज मात्र नको. लहान पुडके मागावे, किंवा एक दोघांत वाटून घ्यावे. सोबत घोटलेले वाटाणे घ्यावेत. सुके वाटाणे भिजवून शिजवलेला हा प्रकार आपल्या उसळीचा चुलतभाऊच, आणि चोथ्याची उणीव तोच भरून काढतो. मीठ आपल्या हाताने घालावे. दिवसभराची मर्यादा सहा ग्रॅम, म्हणजे चहाचा एक चमचा. व्हिनेगर हवे तेवढे घ्या, त्याने काही बिघडत नाही. आणि तळण कशात केले आहे, हे आधी विचारावे. नुसत्या चिप्स खाणाऱ्या शाकाहारी माणसाने तर हे विचारल्यावाचून पुडके हाती घेऊ नये. बटाटा शाकाहारी असला तरी कढई तशी असेलच असे नाही. विचारले तर दुकानदार सांगतो, आणि त्यात संकोच करण्यासारखे काही नाही.