खेळ संपत नाही, रात्र संपते

आमचं घर एका खोलीचं. रात्री अकरा वाजता पांघरुणाखाली मोबाइलचा उजेड दिसला की आम्ही मुलावर ओरडायचो. यंदा त्याची दहावी. एकदा तो म्हणाला, "पप्पा, ओरडा, पण आधी हे बघा." त्याने बनवलेलं रॉकेट सरळ वर गेलं, इंधन संपलं आणि खाली पडलं. "नुसतं वर जाऊन भागत नाही. आडवा वेग लागतो. मग यान पडतच राहतं, पण जमिनीला लागत नाही." कक्षा म्हणजे काय, हे आम्हाला त्या रात्री कळलं.

तो खेळ होता 'स्पेसफ्लाइट सिम्युलेटर'. अशा खेळांची परंपरा जुनी आहे. केंब्रिजमध्ये शिकणाऱ्या डेव्हिड ब्रेबेन आणि इयान बेल यांचा 'एलीट' 1984 साली आला. त्यात 8 आकाशगंगा आणि प्रत्येकीत 256 ग्रह होते. मेक्सिकोत तयार झालेला 'कर्बल स्पेस प्रोग्राम' 2015 मध्ये पूर्ण स्वरूपात आला. तो संगणकावर चालतो.

या खेळांना ठरलेला शेवट नसतो. कुठे जायचं, काय बांधायचं, हे खेळणारा ठरवतो. बक्षिसाची नाणी देऊन रोज बोलावणाऱ्या खेळाचा कंटाळा येतो, पण चिडचिड मागे उरते. इथे दहा वेळा यान कोसळतं आणि अकराव्यांदा चंद्रावर अलगद उतरतं. त्यातून काहीतरी शिकायला मिळतं, म्हणून तो आनंद टिकतो.

पण धोकाही इथेच आहे. शेवट नाही म्हणून थांबायची जागाही नाही. आमचा मुलगा वर्गात पेंगायला लागला. 13 ते 18 वर्षांच्या मुलांना रोज 8 ते 10 तास झोप लागते, त्याला जेमतेम पाच मिळत होती. एकटक पडद्याकडे पाहताना पापण्या कमी लवतात, डोळे कोरडे पडतात. डोकंही दुखू लागलं होतं.

मोबाइल हिसकावून आम्ही पाहिलं. घरात भांडण झालं, आणि तो मित्राच्या फोनवर खेळू लागला. मग बसून बोललो आणि काही गोष्टी ठरवल्या.

खेळण्याआधी आजचं एकच काम वहीत लिहायचं. उदाहरणार्थ, 'यान कक्षेत नेणे'. ते झालं किंवा पाऊण तास झाला, की बंद. चंद्रावर उतरवलेलं यान उद्याही तिथेच असतं.

दर 20 मिनिटांनी डोळे उचलून 20 सेकंद लांब पाहायचं. झोपायच्या तासभर आधी फोन आईच्या उशाशी. मूळ खेळ फुकट आहे, पण जास्तीचे भाग विकत असतात. म्हणून खरेदीला पिन लावायचा, तो मोठ्यांकडेच ठेवायचा.

सगळ्या खेळण्याला व्यसन म्हणू नये. जागतिक आरोग्य संघटनेने खेळाच्या विकाराची लक्षणं दिली आहेत. खेळण्यावर ताबा राहत नाही, बाकी सगळ्यापेक्षा खेळ महत्त्वाचा होतो, नुकसान दिसत असूनही खेळणं सुटत नाही. त्यामुळे घर, शाळा, कामाचं मोठं नुकसान होतं, आणि साधारण 12 महिने हे चालतं. असं दिसलं तर मारहाण करू नका, सरकारी रुग्णालयातल्या मानसोपचार विभागात घेऊन जा. वर्षभर वाट पाहायची गरज नाही.

आता मुलाच्या वहीत यानांची चित्रं आहेत, शेजारी वेगाची गणितं. कधी वेळ चुकतो, कधी आमचा आवाज चढतो. पण परवा पहाटे त्याने आम्हाला गच्चीवर नेलं. एक ठिपका न लुकलुकता आकाश ओलांडून गेला. "आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक," तो म्हणाला, "तासाला 28 हजार किलोमीटर." त्या रात्री तो दहाला झोपला होता, म्हणूनच पहाटे उठू शकला.