दोस्ती, मर्सिडीज आणि सोन्याची बिस्किटं

'मित्राने दिलंय, त्यात काय?' अमेरिकेतल्या एका बड्या सिनेटरला हे लॉजिक चांगलंच महागात पडलं!

तुमच्या कपाटातल्या जॅकेटच्या खिशात काय सापडेल? सिनेमाचं जुनं तिकीट, फार तर विसरलेली शंभराची नोट. जून २०२२ मध्ये एफबीआयने न्यू जर्सीचे सिनेटर बॉब मेनेंडेझ यांच्या घरी धाड टाकली, तेव्हा जॅकेटांत, बुटांत, पाकिटांत नोटाच नोटा निघाल्या. तब्बल ४ लाख ८० हजार डॉलर्सहून जास्त! शिवाय सोन्याची बिस्किटं. आणि सिनेटरचा पगार? वर्षाला १ लाख ७४ हजार डॉलर्स.

गंमत म्हणजे या साहेबांची सुरुवात झाली होती ती हिरो म्हणून. युनियन सिटीच्या भ्रष्ट महापौराविरुद्ध त्यांनी कोर्टात साक्ष दिली. तेव्हा जिवाला धोका म्हणून ते बुलेटप्रूफ जाकीट घालून फिरायचे. १९८२ मध्ये तो महापौर दोषी ठरला आणि मेनेंडेझ यांची गाडी सुसाट सुटली.

२०१५ मध्ये मात्र त्यांच्यावरच आरोपपत्र आलं. डोळ्यांचे डॉक्टर असलेल्या श्रीमंत मित्राचं खासगी विमान, पॅरिसमधलं हॉटेल, आलिशान व्हिलातली सुट्टी. बदल्यात सिनेटरसाहेबांनी डॉक्टरांच्या सरकारी बिलांच्या वादात शब्द टाकला, असा सरकारी वकिलांचा दावा होता. बचाव एकच, 'आम्ही जुने दोस्त आहोत!' २०१७ मध्ये ज्युरीचं एकमत झालं नाही आणि पुढे खटला गुंडाळला गेला. सिनेटच्या एथिक्स कमिटीने २०१८ मध्ये कडक समज दिली, गिफ्ट्सची किंमत परत करायला लावली. त्याच वर्षी मतदारांनी मात्र त्यांना पुन्हा निवडून दिलं.

आता धडा घेतला असेल असं वाटतं ना? छे! सप्टेंबर २०२३ मध्ये दुसरं आरोपपत्र आलं. या वेळी ते परराष्ट्र समितीचे अध्यक्ष होते. इजिप्तला मिळणारी लष्करी मदत याच समितीच्या हातात अडकू शकते. आरोप असा, की इजिप्तच्या फायद्याची कामं करायची, व्यावसायिक मित्रांच्या केसेसमध्ये लुडबुड करायची आणि त्याबदल्यात रोकड, सोनं आणि बायकोसाठी मर्सिडीज घ्यायची. 'आईवडील क्युबाहून आलेले, घरात रोकड ठेवायची आमची सवयच आहे,' असा त्यांचा खुलासा. ज्युरीला तो पटला नाही. जुलै २०२४ मध्ये सगळ्या १६ आरोपांत ते दोषी ठरले, ऑगस्टमध्ये राजीनामा दिला, जानेवारी २०२५ मध्ये ११ वर्षांची शिक्षा झाली आणि जूनमध्ये तुरुंगाचं दार बंद झालं. 'मी निर्दोष आहे,' हे पालुपद त्यांनी सोडलेलं नाही.

यात आपला काय संबंध? आहे बॉस! कॉन्फ्लिक्ट ऑफ इंटरेस्ट हे प्रकरण फक्त सिनेटरांचं नसतं. टेंडर तुम्ही फायनल करताय आणि व्हेंडर तुमचा कॉलेजचा यार आहे, तिथेच ते सुरू होतं. लाच कधी 'लाच' अशी चिठ्ठी लावून येत नाही. ती डिनर, ट्रिप, बायकोला नोकरी अशा गोड रूपात येते. म्हणूनच एचआरचा तो कंटाळवाणा डिक्लरेशन फॉर्म प्रामाणिकपणे भरा.

आणि पुढचं गिफ्ट उघडण्याआधी स्वतःलाच विचारा, उद्या ही खुर्ची गेली, तरी हा मित्र मला हे देईल?