गाडीचाही फेरफार असतो!



गळीत हंगाम तोंडावर आला की तोडणी-वाहतुकीचे करार सुरू होतात आणि गट ऑफिसात गाड्यांच्या कागदांची चळत लागते. अलीकडे त्या चळतीत एमएच ०२, एमएच ०३ आणि एमएच ४७ हे नंबर बरेच दिसतात. ०२ म्हणजे अंधेरी, ४७ म्हणजे बोरिवली, आणि ०३ म्हणजे वडाळ्याचे आर.टी.ओ. कार्यालय, जिथे घाटकोपर-मुलुंडकडच्या गाड्यांची नोंद होते. मुंबईच्या उपनगरांत मालवाहतूक करून जुने झालेले ट्रक आपल्याकडे स्वस्तात मिळतात, म्हणून घेतले जातात. घेण्याला आमची हरकत नाही. गाडी शिवारात येते पण तिची नोंद तिकडेच राहते, हरकत आहे ती याला.

जमीन घेतली आणि फेरफार केला नाही, असा शेतकरी शोधून सापडायचा नाही. खरेदीखत झाले की दुसऱ्या दिवशी आपण तलाठ्याकडे. मग ट्रक घेताना स्टॅम्पपेपरवर सही घेऊन आपण बिनघोर कसे होतो?

पूर्वी आर.टी.ओ.ची नोंद त्या त्या कार्यालयाच्या रजिस्टरात असे. आता देशभरच्या गाड्यांची नोंद 'वाहन' नावाच्या संगणक प्रणालीत आहे. ती राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राने तयार केली आहे. या एका नोंदीकडे अनेकजण बघतात. पी.यू.सी. केंद्र बघते, चलन फाडणारा पोलीस बघतो. हे बघणे माणूस करत नाही, एक संगणक दुसऱ्याला विचारतो. विचारायची जी ठरलेली खिडकी, तिला संगणकवाले 'एपीआय' म्हणतात. खिडकीशी नंबर सांगायचा, आतून उत्तर येते. आपल्या गव्हाणीशी जसे चिटबॉयची चिठ्ठी असल्याशिवाय गाडी आत घेत नाहीत, तसेच इथेही ठरल्या नमुन्यात विचारले नाही तर खिडकी उघडत नाही.

खिडक्या दोन जातीच्या असतात. एक नुसती वाचायची, दुसरी नोंद बदलायची. खरी गंमत दुसरीत आहे. समजा, गाडीच्या नोंदीत दहा रकाने आहेत आणि तुम्हाला फक्त मोबाईल नंबर बदलायचा आहे. काही साधनांत पाठवला तेवढाच रकाना बदलतो, बाकीचे नऊ जसेच्या तसे राहतात. काही साधनांत मात्र अख्खी नोंदच नव्याने लिहिली जाते, आणि जो रकाना रिकामा पाठवला तो पुसला जातो! विम्याची तारीख गेली, चॅसी नंबर गेला. साधन दोन्ही प्रकारे बनवता येते, त्यात चूक नाही. पण कोणता प्रकार आहे हे त्याच्या माहितीपुस्तिकेत स्पष्ट लिहिलेले नसेल, तर वापरणाऱ्या कारकुनाने ओळखायचे कसे?

तसेच उत्तरांचे. 'नोंद सापडली नाही' आणि 'नोंद जुळली नाही' ही दोन वेगळी उत्तरे आहेत. पहिल्यात गाडीचा नंबरच चुकला असेल. दुसऱ्यात गाडी सापडली, पण दिलेला चॅसी नंबर तिचा नाही, म्हणजे गाडी घेणाऱ्याने सावध व्हायला हवे. दोन्हींना नुसते 'त्रुटी' म्हणून परत पाठवले तर सभासद चारदा हेलपाटे घालणार. शिवाय नोंद कोणी, केव्हा, कोणत्या कागदावरून बदलली, हेही जपले पाहिजे. फेरफाराला नंबर असतो तो उगाच नाही. आपल्या कारखान्याचे वाहन रजिस्टर संगणकावर आहे. त्याची अशी पुस्तिका मराठीत, प्रत्येक गट ऑफिसात टांगलेली असावी, असे आमचे स्पष्ट मत आहे. इंग्रजी पुस्तिका कपाटात राहते, हा सगळीकडचाच अनुभव.

पण पुस्तिका कितीही चांगली असली तरी तुम्ही अर्ज दिल्याशिवाय मालकाचा रकाना आपोआप बदलत नाही. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५० प्रमाणे राज्यातल्या राज्यात गाडी विकणाऱ्याने १४ दिवसांत कळवायचे आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत. त्यासाठी नमुना २९ आणि ३०. गाडीवर कर्जाचा बोजा असेल तर फेडल्यावर नमुना ३५. हप्ते फिटले म्हणजे बोजा उतरला असे नाही, सोसायटीच्या कर्जाचा सातबाऱ्यावरचा बोजा आठवा.

नाही केले तर काय होते? सन २०१८ मध्ये नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, गाडी हातोहात विकली गेली असली तरी नोंदीत ज्याचे नाव, तोच कायद्याने मालक, आणि अपघाताची भरपाई त्याच्या माथी. तेव्हा अंधेरीचा जुना मालकही यात सुटत नाही. त्याने नोटीस आली की तुमच्याकडे धाव घेतलीच म्हणून समजा. इकडे चलनाचा निरोप आणि ओ.टी.पी. त्याच्या मोबाईलवर जातो. त्याने तो नंबर बदलला असला तर तुमचे काम अडून बसते. विम्याचेही तसेच. तिसऱ्या इसमाचा विमा गाडीबरोबर येतो, पण स्वतःच्या ट्रकची नुकसानभरपाई हवी तर पॉलिसीवर तुमचे नाव लागलेले हवे.

ट्रॅक्टरवाल्या सभासदांनी हे ट्रकपुरते आहे असे समजू नये. ट्रॉलीचीही वेगळी नोंद असते, वेगळा नंबर असतो. ट्रॅक्टर विकताना कागद होतात आणि ट्रॉली तशीच बरोबर देऊन टाकतात.

करारासाठी येताना आर.सी. बुकाची आणि विम्याची झेरॉक्स आणा, आणि मूळ कागदही जवळ ठेवा. शक्य तर आधी 'परिवहन' संकेतस्थळावर गाडीचा नंबर आणि चॅसी नंबरचे शेवटचे पाच आकडे घालून नोंद बघून या. हे पाच आकडे कागदावरून उतरवू नका, गाडीच्या चॅसीवर कोरलेले वाचा. वंगण साचलेले असते, रॉकेलच्या फडक्याने पुसले की दिसतात.