डोकेदुखीचे मूळ उशीखाली

"डॉक्टर, हिचं डोकं रोज दुखतं. रक्त कमी असेल, बघा जरा," असे म्हणत एक आई नववीतल्या मुलीला घेऊन दवाखान्यात आली. डोळे आधीच तपासून झाले होते. हिमोग्लोबिन थोडे कमी निघाले. मी लोहाच्या गोळ्या लिहून दिल्या आणि पुढचा पेशंट बोलावला.

महिन्याने दोघी पुन्हा आल्या. डोकेदुखी तशीच, शिवाय चिडचिड, जेवणावरून मन उडालेले, शाळेची टाळाटाळ. या वेळी मी आईला बाहेर बसायला सांगितले. नर्सबाई होत्याच. मुलीला एवढेच विचारले, "बाळ, रात्री झोपतेस किती वाजता?"

ती रडू लागली. मैत्रिणींनी तिला व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपमधून काढून टाकले होते. त्यांचे वाढदिवसाचे, सहलीचे फोटो ती इन्स्टाग्रामवर पांघरुणात रात्री दीडपर्यंत पाहत बसे. मग फोन उशीखाली.

रुसवेफुगवे आपल्या वेळीही होते. पण शाळा सुटली की ते तिथेच राहत. आता ते अंथरुणापर्यंत येतात. या वयात ८ ते १० तास झोप लागते. ती तुटली की डोके दुखते, अभ्यासात लक्ष लागत नाही, मन खचते.

रोज ३ तासांहून अधिक वेळ समाजमाध्यमांवर घालवणाऱ्या मुलांत नैराश्य व चिंतेच्या लक्षणांचा धोका दुप्पट असतो, असा इशारा अमेरिकेचे तेव्हाचे सर्जन जनरल डॉ. विवेक मूर्ती यांनी २०२३ साली दिला. अर्थात सगळा दोष फोनचाच नसतो. आधीच उदास असलेले मूलही त्यात तोंड लपवते.

म्हणून पालकहो, फोन हिसकावू नका. मूल लपवायला शिकेल. रात्री घरातल्या सर्वांचे फोन, तुमचेसुद्धा, बाहेरच्या खोलीत ठेवा. रोज थोडा वेळ उपदेश न करता मुलांचे ऐका. उदासी दोन आठवडे टिकली, तर डॉक्टरांना दाखवा. जगण्याचा कंटाळा आल्याची भाषा मुलाच्या तोंडी आली, तर एक दिवसही थांबू नका, मानसोपचारतज्ज्ञांकडे न्या. 'टेली-मानस'च्या १४४१६ या मोफत क्रमांकावर चोवीस तास मराठीतही बोलता येते.

त्या मुलीला ग्रुपमध्ये परत घेतले नाही. पण ती आता साडेदहाला झोपते, डोकेदुखी कमी आहे, आणि बाकावरची एक मैत्रीण घरी येऊ लागली आहे. लोहाच्या गोळ्या चुकीच्या नव्हत्या. झोपेचा प्रश्न मात्र मी पहिल्याच दिवशी विचारायला हवा होता. तुम्ही तो आज घरी विचारा.